फाटकातली दोन भोकं

साहेब, तुम्ही चोर आहात.

पैसे खाल्लेत असं मी म्हणत नाही, तो माझा विषय नाही. तुम्ही माझ्या हातचं एक फूल खिशात घातलंत आणि पुढे त्याच फुलामागचं आणखी काहीतरी नेलंत. त्याबद्दल शेवटी एकच विचारणार आहे. आधी आठवण करून देतो. तुमच्यासारख्यांना विसरायची सोय असते, मला नाही.

रथसप्तमी होती. मी पहिली पाळी करून घरी आलो तर आमच्या क्वार्टरपुढे रिक्षा उभी. शेजारचा मुरलीधर फेगडे, आपल्या गिरणीचा टाईमकीपर, बॅगा चढवत होता. सिंधूवहिनी आत बसून डोळे पुसत होत्या. मला बघितल्यावर फेगडे किल्ली नाचवत आला.

“आत्माराम, ही फाटकाची किल्ली. सुरतेला निघालो. पोरीला डॉक्टरने हलू नको म्हणून सांगितलंय, बाळंतपण तिथंच करायचं. पाडव्याच्या आधी काही येत नाही. बागेला पाणी घाल तेवढं.”

“मीच सापडलो का? समोर भारंबे आहे, पलीकडे चौधरी आहे.”

“त्यांनी माझी बाग बघितलीये कुठे? तू रोज कुंपणातून बघतोस.”

रिक्षावाल्यासकट सगळी रांग हसली. सिंधूवहिनीसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. मी किल्ली घेतली. चार लोकांत नाही म्हणायची सोय त्याने ठेवली नव्हती.

साहेब, तुम्ही बंगल्यात राहायचात, म्हणून आमची रांग कशी होती ते सांगतो. सगळी क्वार्टरं सारखी, पुढचा जमिनीचा तुकडा सारखा, मधे गुडघ्याएवढं तारेचं कुंपण. माती एकच, काळी, उन्हात भेगाळणारी. गिरणीत कोण फिटर, कोण क्लार्क, पण फाटकाच्या आत सगळ्यांना तेवढीच जागा. म्हणूनच वसंतातली तुमची ती बागेची स्पर्धा आम्हाला एवढी लागायची. वसाहत अधिकारी म्हणून परीक्षक तुम्हीच. पहिल्या नंबराला निळी पाटी, वर पांढऱ्या अक्षरात ‘आदर्श बाग’. ती वर्षभर फाटकावर राहायची.

मी या कॉलनीत आल्यापासून ती पाटी फेगडेच्या फाटकावर होती.

मी जळायचो. सरळ सांगतो. पाळीवरून आलो की अंगाला सूत कातायच्या रिंग खात्याचं तेल, नखात काळं, तसाच मातीत बसायचो. खत, खुरपणी, कीड, काही सोडलं नाही. फेगडे संध्याकाळी पांढऱ्या बनियनवर यायचा, झारीने चार शिंतोडे मारायचा, नाट्यगीताची एखादी ओळ म्हणायचा, की त्याच्या पिटुनिया फुलून कुंपणाबाहेर यायच्या. माझ्याकडे त्याच बियांची रोपं, त्याच दिवशी लावलेली, आणि अंगात आल्यासारखी उंचच उंच वाढून पडायची. बायका पूजेला फुलं मागायला त्याच्या दारात जायच्या. माझी बायको द्वारकासुद्धा. माझ्या देव्हाऱ्यातल्या देवाच्या डोक्यावर फेगडेची फुलं! मी एकदा ती उचलून बाहेर टाकली, तर दोन दिवस आमच्या घरी कोणी कोणाशी बोललं नाही.

आणि ती भोकं. मी खात्यातलं ड्रिल आणून माझ्या फाटकाच्या पट्टीला दोन भोकं पाडून ठेवली होती. पाटीच्या स्क्रूच्या मापाची. पाटी मिळाली की तिथल्या तिथे बसवता यावी. फेगडेने ती एकदा बघितली, भोकात बोट घातलं आणि विचारलं, “काय रे आत्माराम, फाटकाचे कान टोचलेस का?” तेव्हापासून रांगेतली पोरं माझ्या फाटकाला कानवालं फाटक म्हणायची.

त्या संध्याकाळी द्वारकाने भाकरी थापता थापता विचारलं, “घेतली किल्ली?”

“घेतली.”

“आता मेलात तुम्ही. त्याचं एक जरी झाड वाळलं ना, लोक म्हणतील आत्माराम शिंप्याने रात्री उठून मूत घातलं.”

“म्हणू देत.”

“म्हणू देत कसं? मला नळावर जायचं असतं. त्यांची बाग जगवा. आपली काय, ती तशीही दुसरी येते.”

‘तशीही दुसरी येते.’ बायको असली म्हणून काय झालं, बोलायला काही हद्द असते.

आता तुमच्या हुकुमाकडे येतो. नदी आटत चालली होती. नळ एक दिवसाआड झाला. पंपावरचा सुभान तडवी पान्हा घेऊन आला आणि फेगडेच्या क्वार्टरचा व्हॉल्व्ह बंद करायला लागला.

“अरे, काय करतोस? बागेला पाणी कुठून घालू?”

“साहेबांचा हुकूम आहे भाऊ. कुलूप असलेल्या क्वार्टरचं पाणी तोडायचं. टाक्या भरून वाहतात म्हणे.”

“इथे कोण वाहवतंय? मी बागेला घालतो.”

“तुमच्या नळाचं घाला ना.”

“दोन बागांना एका नळाचं?”

सुभानने व्हॉल्व्ह आवळला. “मला काय सांगता? मी स्पर्धेत नाही.”

मी तुमच्या ऑफिसात आलो होतो, साहेब. तुम्ही बैठकीत होता. दुसऱ्यांदा आलो तर तुम्ही दौऱ्यावर होता. शिपाई म्हणाला, बागेसाठी अर्ज चालत नाही, माणसासाठी चालतो.

तेव्हा एका नळावर दोन बागा आल्या. एक ड्रम भरायचा, दुसरा अर्धा. त्यातलं आधी पिण्याचं, मग धुण्याचं, उरलेलं झाडांना. पहिले काही दिवस मी निम्मं निम्मं केलं. दोन्हीकडची पानं खाली मान घालायला लागली. भारंबे कुंपणाशी येऊन म्हणाला, “आत्माराम, फेगडेचा मोगरा सुकला वाटतं?” विचारताना त्याच्या तोंडावर जे हसू होतं, ते बघून मी ठरवलं. दोन्ही मरणार असतील तर माझी मरेल. त्याची मेली तर मी या कॉलनीत तोंड वर करून चालू शकणार नाही. माझी मेली तर कोणाला काय, ती तशीही दुसरी येते.

दुसऱ्या दिवशी मी फेगडेच्या मोगऱ्यापाशी बसलो आणि त्याची पानं ओरबाडायला लागलो.

सगळी. मुठीत फांदी धरायची आणि खालून वर ओढायची. हिरवा रस हाताला, पानं मातीत. चौधरीची बायको कपडे वाळत घालत होती, ती ओरडली, “अहो भाऊ, काय करताय?”

“दिसत नाही?”

“अहो, झाड मारताय की!”

द्वारका धावत आली. दारातच थबकली. मग दबक्या आवाजात म्हणाली, “वेडबिड लागलंय का तुम्हाला? सगळी रांग बघतेय.”

“बघू दे.”

“एवढा राग होता तर किल्ली घ्यायची नव्हती.”

मी पुढची फांदी मुठीत धरली. राग होताच. पोटात होता, हातात होता. गेली कित्येक वर्षं मी कुंपणापलीकडून हा मोगरा बघत होतो. फेगडे त्याला बारा महिने पाणी पाजायचा. पाणी पिऊन पिऊन तो नुसता पानांनी लठ्ठ झाला होता, फुलं चार नि पाच. मोगऱ्याला थंडी सरता सरता उपाशी ठेवावं लागतं, पानं काढून नागडं करावं लागतं, मग खत घालून पाणी सोडायचं. हे मला ठाऊक होतं. फेगडेला मी कधी सांगितलं नव्हतं. का सांगू? एक गोष्ट तरी माझ्याकडे असू दे, असं मला वाटायचं. माझा मोगरा फेगडेच्या चौपट फुलायचा, पण परीक्षक म्हणून तुम्ही यायचात तोवर तुमचा अर्धा वेळ त्याच्या पिटुनियांपाशी गेलेला असायचा.

आता त्याचं झाड माझ्या हातात होतं. मी ते नागडं केलं. गुलाब छाटले, वेड्यावाकड्या बोगनवेलीला कात्री लावली. कॉलनीत बातमी झाली: शिंप्याने फेगडेची बाग कापून काढली. भारंबेने तर सुरतेला फोन लावायची तयारी केली होती, पण नंबर कोणाकडे नव्हता.

मग मी पाणी सोडलं. सगळं. माझ्याकडे उरायचं नाही.

माझी बाग आधी रंगाने गेली, मग आवाजाने. फाटकावरची जाई दुपारच्या झळेत कागदासारखी वाजायची. गुलाबाच्या फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली आल्या. सकाळी पाळीवर जाताना मी तिच्याकडे न बघता फाटक ओढून घ्यायचो. झेंडू आणि झिनियाची रोपं मी मातीच्या कुंडीत तयार केली होती, माझ्या वाफ्यासाठी. माझा वाफा दगडासारखा झाला होता. एके दिवशी ती कुंडी उचलली, कुंपणावरून पलीकडे ठेवली आणि फेगडेच्या वाफ्यात सगळी रोपं लावून टाकली. द्वारका दारात बसून शेंगा सोलत होती. मग ताटली घेऊन उठली, भांडी विसळलेलं पाणी होतं ते आणून माझ्या जाईच्या बुंध्याशी ओतलं.

“राहू दे,” मी म्हणालो. “गेली ती.”

“तुम्ही तिकडे बघा. मी इकडे बघते.”

जाई नाही वाचली. पण ती रोज ओतत राहिली.

होळीच्या आधीच मोगऱ्याला फुटवा आला. लालसर, कोवळा. मग प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्या, तांदळाएवढ्या, वाटाण्याएवढ्या. एका पहाटे पाळीवर निघालो तर वास आधी आला. वळून बघितलं. सगळं झाड पांढरं. मी तिथंच उभा राहिलो आणि पहिला विचार काय आला, सांगू? हे कुंपणाच्या या बाजूला का नाही?

मग तुम्ही आलात.

तुमची तारीख पुढची होती, तुम्ही आधीच आलात, आणि आमच्या रांगेत सगळ्यांची धांदल उडाली. माझी सुट्टी होती. मी फेगडेच्या बागेत गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीत, पायाला घोट्यापर्यंत चिखल. तुम्ही फाटक लोटून आत आलात. तुमच्याबरोबर तुमचे हेडक्लार्क होते आणि दोन-तीन लोक.

“मालक कुठे?”

“सुरतेला.”

“माळी ठेवलाय वाटतं. चांगलं केलं.” तुम्ही मोगऱ्यापाशी वाकलात. “वा! गेल्या वर्षी हा असा नव्हता. काय केलंस याला?”

“पानं काढली. पाणी तोडून ताण दिला.”

“बघा,” तुम्ही हेडक्लार्कला म्हणालात, “याला म्हणतात हात. आणि हे झिनिया? कोवळी लावलेली दिसतात, पण काय तरारलीत! हा वाफा कोणी आखला?”

“मीच.”

“मालकाचं नशीब.” तुम्ही एक मोगरा तोडलात, हुंगलात आणि शर्टच्या खिशात ठेवलात. मग कुंपणापलीकडे तुमची नजर गेली.

“आणि हे कोणाचं मसण?”

हेडक्लार्क मला ओळखत होते. मला चिखलात बघून हा मीच हे त्यांना आधी पटलं नव्हतं, आता पटलं. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली: गप्प बसा.

“आत्माराम शिंपी म्हणून आहे,” मी सांगितलं. “रिंग खात्यात फिटर.”

“लाज नाही वाटत माणसाला. दोन हातांवर असली बाग आहे आणि याची ही दशा! त्या शिंप्याला म्हणावं, शेजारच्या माळ्याकडून शिकून घे जरा.”

“सांगतो.”

“सांगच.”

गेलात. हेडक्लार्क मागे वळून वळून माझ्याकडे बघत होते. द्वारकाने हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं. ती बाहेर आली.

“सांगितलं का नाही तुम्ही?”

“काय सांगू? मसण माझंय म्हणून?”

“बाग तुमचीय म्हणून!”

“बाग फेगडेची आहे,” मी म्हणालो. “फाटकावर पाटी बघ.”

पण साहेब, तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. तुम्ही बोलत होतात तेव्हा मला अजून ऐकायचं होतं. एवढ्या वर्षांत माझ्या बागेत तुम्ही कधी वाकला नव्हतात. नाव सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबला असतात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फेगडे आला. नातू झाला होता, पेढे घेऊन. फाटकाशी उभा राहिला आणि आत शिरलाच नाही. मोगरा बघितला, झिनिया बघितल्या. मग कुंपणावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या मेलेल्या बागेकडे बघितलं.

“आत्माराम, हे काय केलंस तू?”

“तुझं एकही झाड गेलेलं नाही. मोजून घे.”

“मी माझ्या झाडांचं विचारत नाही.”

“मग पेढा दे आणि आत जा.”

त्याने पेढा दिला. डोळे माझ्या वाळलेल्या जाईवर होते त्याचे. मला ते बघवेना, मी घरात गेलो. त्याचा राग करायला मला नेहमी सोपं जायचं, त्या दिवशी ते कठीण करून ठेवलं त्याने.

पाडव्याला क्लबच्या मैदानावर मांडव होता. मी धुतलेला शर्ट घातला होता, डोक्याला तेल, पायात चपला. द्वारका शेजारी. तुम्ही पहिला नंबर फेगडेचा म्हणून सांगितलात. टाळ्या पडल्या. तो वर गेला, निळी पाटी हातात घेतली. आणि मग माईक मागितला.

“साहेब, ही बाग माझी नाही,” तो म्हणाला. “मी जवळजवळ दोन महिने सुरतेला होतो. तुम्ही जी बाग बघितली ती आत्माराम शिंप्याची. त्याने स्वतःची मारली आणि माझी जगवली. बक्षीस त्याचं आहे.”

माझ्या कानात रिंग फ्रेम चालू झाल्यासारखं झालं. द्वारकाने माझ्या मनगटाला धरलं.

तुम्ही हसत पुढे आलात आणि माईक त्याच्या हातून घेतलात.

“बघा मंडळी! याला म्हणतात मोठं मन. पहिलं बक्षीस घेताना सुद्धा शेजाऱ्याचं कौतुक! अशी माणसं आहेत म्हणून ही कॉलनी आहे. टाळ्या होऊ द्या!”

झाल्या. अशा टाळ्या तिथे कधी झाल्या नव्हत्या. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फेगडे तुम्हाला काहीतरी सांगत होता, हात हलवत होता, पण माईक तुमच्याकडे होता.

“आणि ते आत्माराम शिंपी कोण आहेत? उभे राहा हो जरा.”

मी उभा राहिलो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडावरचं हसू जरा थांबलं. मी बघत होतो, डोळ्याला डोळा लावून. तुमचा हात वर आला, शर्टच्या खिशापाशी, आणि तिथे एक क्षण राहिला. तिथे आता काही नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, “बसा.” आणि दुसऱ्या नंबराचं नाव पुकारलंत.

संध्याकाळी फेगडे पाटी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या फाटकाशी आला. भोकांना पाटी लावून बघत होता. बरोब्बर बसत होती.

“माझ्या फाटकाला हात लावू नकोस,” मी म्हणालो.

“तुझीच आहे रे.”

“तू देणार आणि मी घेणार? उद्या लोक काय म्हणतील? फेगडेने दिली. घेऊन जा.”

तो पाटी घेऊन गेला. आणि लोक तेच म्हणत राहिले. फेगडेचं मन मोठं. गिरणी बंद पडली, कॉलनी मोडली, भारंबे पोराकडे गेला, फेगडे सुरतेला नातवाजवळ राहायला गेला, तरी परवा एका लग्नात जुनं कोणी भेटलं आणि म्हणालं, “फेगडेसारखा माणूस होणे नाही. आठवतं? बक्षीस घेऊन शेजाऱ्याचं नाव घेतलं.” शेजाऱ्याचं नाव काय होतं हे त्याला आठवत नव्हतं. मी समोर उभा होतो. बाग माझी, पाणी माझं, मेलेली जाई माझी, आणि मोठं मन त्याचं. खरं तो बोलला होता, म्हणून त्याच्यावर चिडता येत नाही. ते खरं तुम्ही चांगुलपणा करून टाकलंत.

आता मी गावी असतो. पुढच्या अंगणात मोगरा आहे. थंडी सरली की पानं काढतो. जाई नवी लावली आहे, द्वारका भांडी विसळलेलं पाणी तिलाच घालते. ते कानवालं फाटक मी कॉलनी सोडताना उचलून आणलं, अंगणाला तेच लावलं. भोकं तशीच आहेत.

मला कळलं की तुम्ही शहरात बंगला बांधलात आणि अजून फुलांच्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाता. जा. मला तुमची पाटी नको, बक्षीस नको, माफीही नको. गोल गोल बोलू नका, वय झालं, आठवत नाही, असलं काही सांगू नका. खिशाकडे गेलेला तुमचा हात मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

त्या दिवशी मी मांडवात उभा राहिलो तेव्हा तुम्ही मला ओळखलंत की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.